दहावी सुतळी

१

मास्तर सकाळी मेलेला सापडला.

मास्तर म्हणजे बागेचं गाढव. एकोणीस वर्षं त्याने छाटलेल्या फांद्यांची गाडी ओढली. ओढताना चेहरा इतका गंभीर, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला मास्तर म्हटलं आणि तेच नाव पडलं. कामचुकार माळ्याकडे तो असा बघायचा की माळी मुकाट्याने कोयता उचलायचा. आज तो तबेल्यात आडवा पडला होता. चारी पाय ताठ, तोंडाला वाळलेला फेस, आणि अंगाखाली अंथरलेला लाकडाचा चुरा खुरांनी पार उधळलेला.

नाना दारात उभे होते. नाना या बागेचे मुकादम; चाळीस वर्षं याच मातीत गेलेली. आत मास्तरच्या डोक्याशी त्यांची वहिनी बसली होती. थोरला भाऊ गेल्यावर नानांनीच शब्द टाकून तिला इथे कामाला लावलं होतं. मास्तरची देखभाल करायची आणि तबेल्यामागच्या खोलीत राहायचं. बारा वर्षं झाली त्याला. वहिनी रडत नव्हती. मास्तरच्या डोळ्यावर बसणाऱ्या माश्या हाताने वारत होती, जणू त्याला अजून त्रास होत असावा.

जनावरांच्या डॉक्टरांनी मास्तरचा जबडा उघडला, दाढेमागून चिमट्याने दोन-चार तुकडे काढले, नाकाशी नेले आणि हात धुवायला पाणी मागितलं. कण्हेर आहे, ते म्हणाले. ओली असती तर कडूपणामुळे त्याने तोंडच लावलं नसतं. वाळली की कडूपणा जातो, विष तेवढंच राहतं. शिवाय या चुऱ्यात दुसरं काहीतरी त्याच्या आवडीचं असणार. ते खाता खाता हेही पोटात गेलं.

बागेच्या व्यवस्थापक बाई, सगळे त्यांना मॅडम म्हणत, इतका वेळ हाताची घडी घालून ऐकत होत्या. याच तबेल्यात रोज दुपारी मुलं मास्तरला थोपटायला येत. त्यांतलं एखादं पोर या चुऱ्यात खेळलं असतं, एखादा तुकडा तोंडात घातला असता, तर? हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता.

"हा चुरा इथे कुणी आणला?" त्यांनी विचारलं.

नानांनी तोंड उघडलं. पण शब्द यायच्या आत वहिनी म्हणाली, "मी आणला. खड्ड्यावरून."

कुणाकडेही न बघता म्हणाली. नानांचं तोंड पुन्हा मिटलं.

मॅडम कडक होत्या, दुष्ट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलांच्या वावरात विष आणणाऱ्याला कामावर ठेवता येणार नाही. पाच वाजता विश्वस्तांना कळवावं लागेल, आणि तोवर दुसरं काही समोर आलं नाही तर वहिनीला काम आणि खोली दोन्ही सोडावी लागतील. मग त्या नानांकडे वळल्या. कण्हेर चुऱ्यात आली कुठून, याचा छडा तुम्ही लावा. इथे तुमच्याइतकं जुनं कुणी नाही आणि तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

नानांनी मान हलवली.

ती चुऱ्याची गोणी पाच दिवसांपूर्वी संध्याकाळी खांद्यावर टाकून स्वतः नानांनी आणली होती. आणि हे वहिनीला चांगलंच ठाऊक होतं.

२

त्या गोणीची गोष्ट अशी.

बागेतल्या छाटणीचा पसारा वर्षानुवर्षं वाढत चालला होता आणि मास्तर म्हातारा झाला होता. फांद्या जागच्या जागी चुरडणारं, ढकलत नेता येईल असं एखादं यंत्र घ्यावं, असं मॅडमनी ठरवलं. निवड नानांवर सोपवली. पाच दिवसांपूर्वी सेल्समन टेम्पोत तीन यंत्रं घालून चाचणीला घेऊन आला. एक तांबडं, मोठ्या चाकाचं. आत फिरत्या तबकडीला धारदार पाती. मनगटाएवढी फांदी घातली तरी दोन रुपयांच्या नाण्यासारख्या स्वच्छ ढलप्या बाहेर पडत. पण ते हलवायला दोन माणसं लागत आणि आवाज असा की कानात दडे बसावेत. दुसरं हिरवं, आत हातोड्यांसारखे लोखंडी ठोकळे. ते पालापाचोळ्याचा कापसासारखा भुगा करी, पण ओल्या काठीची साल गुंडाळून घेऊन अडकून बसे. तिसरं लहानगं, विजेवर चालणारं. त्यात पाती नव्हती, दातेरी रूळ होता. तो काठी कापत नसे, हळूहळू चावून चेचत असे. काम संथ, पण आवाज म्हणजे घरातल्या मिक्सरपेक्षाही कमी. एका हाताने ओढत नेता येई.

नानांना लहानगं आवडलं. मॅडमना त्यांनी कारण सांगितलं ते अरुंद फाटकांचं आणि पायऱ्यांचं. खरं कारण त्यांनी पोटात ठेवलं. त्या आवाजाला मास्तर बुजला नसता. आणि वहिनीला ते एकटीला ओढता आलं असतं, म्हणजे मास्तरची गाडी बंद झाल्यावरही तिचं काम सुटलं नसतं.

चाचणी चोख व्हावी म्हणून नानांनी नऊ मोळ्या बांधून घेतल्या होत्या. प्रत्येक यंत्राला तीन. एक वाळक्या लाकडाची, दोन तुतीच्या हिरव्या काठ्यांच्या; कारण यंत्र फसतं ते ओल्या, चिवट काठीवरच. संध्याकाळी तांबड्याचे आणि हिरव्याचे ढीग कचऱ्याच्या खड्ड्यात गेले. लहानग्याचा चुरा मऊ होता आणि त्यात तुती होती. तुती म्हणजे मास्तरचा जीव की प्राण. म्हणून नानांनी तो गोणीत भरून वहिनीच्या दाराशी नेऊन ठेवला. दोन दिवस वाळू द्या, मग त्याच्याखाली अंथरा, असं सांगितलं.

म्हणजे गोणी स्वच्छ होती. नानांना खात्री होती. त्या यंत्रात प्रत्येक काठी त्यांनी स्वतःच्या हाताने घातली होती. तेव्हा कण्हेर नंतर कुणीतरी मिसळली. कोण, एवढंच शोधायचं होतं.

डॉक्टर गेले तसे ते वहिनीसमोर उकिडवे बसले.

"वहिनी, खोटं का बोललात?"

"खोटं काय त्यात. अंथरला मीच ना?"

"गोणी माझी होती."

"भाऊजी, तुम्हाला रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत. चाळीस वर्षांची शोभा कशाला करून घेता?" तिने मास्तरच्या मानेवरचे केस सारखे केले. "आणि माझी खोली म्हणाल, तर हा होता म्हणून ती खोली होती."

यावर नानांनी म्हणायला हवं होतं की मी आत्ता उठतो आणि मॅडमना सांगतो. ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, मी शोधतो." आणि म्हणताना त्यांच्या छातीवरचं कसलंसं ओझं जरा हललं. ते ओझं हलल्याचीच त्यांना लाज वाटली.

वहिनीकडून एवढंच कळलं की गोणी तीन दिवस दाराशी उन्हात उघडी होती. परवा तिने चुरा अंथरला. आणि हो, त्या तीन दिवसांत दोनदा संध्याकाळी मिस्त्री तबेल्याच्या मागे घुटमळताना दिसला. तिला बघून घाईघाईने निघून गेला.

नानांनी चुऱ्यात हात घातला. चाळता चाळता बोटभर लांबीचा एक तुकडा हाताला लागला. चेचलेला, एका बाजूला साल लोंबत असलेला. त्यांनी तो उजेडात धरला. सालीवर पानं गळून गेल्याचे वण होते. एकाच उंचीवर तीन, काठीला गोल वेढून. तुतीचं पान एका पेराला एकच येतं. तीन पानांचं कडं कण्हेरीला येतं.

तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. हातांना घाम का सुटला, ते त्यांना लगेच कळलं नाही. तुकडा कण्हेरीचा होता हे तर डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नवीन काहीच नव्हतं. तरी काहीतरी बोचलं.

३

मिस्त्री म्हणजे बागेतल्या यंत्रांचा माणूस. गवत कापायचं यंत्र, पाण्याचे पंप, कुलपं, सगळं त्याच्याकडे. दोन वर्षांपूर्वी मास्तरने त्याच्या खांद्याचा चावा घेतला होता. तेव्हापासून तो येता-जाता गाढवाला शिव्या घालायचा. चाचणीच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला होता, आता मास्तरांना पेन्शनीत काढा आणि माझा खांदा सुखात राहू द्या. शिवाय झोपाळ्यांजवळचं कण्हेरीचं कुंपण मॅडमच्या सांगण्यावरून तोडलं होतं ते यानेच, चाचणीच्या आदल्या दिवशी.

एवढं सगळं एकाच माणसावर येऊन थांबत होतं. नानांना बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

मिस्त्री हत्यारखोलीत पंपाचा पडदा बदलत बसला होता. नानांनी आडवळण न घेता विचारलं, कुंपणाची कण्हेर कुठे टाकलीस?

त्याने सांगितलं ते असं. कण्हेर तोडून, पानं झोडपून वेगळी केली. पानं आणि बारीक फांद्या त्याच दिवशी खोल पुरल्या. सरळ काठ्यांची एक मोळी राहिली, ती दुसऱ्या दिवशी पुरायची म्हणून शेडच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. नीट दोन बंद बांधून ठेवली, नाना, तुमच्याच कायद्याप्रमाणे.

हा कायदा खरंच नानांचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी एका माळ्याने विषारी फांद्या चुकून शेजारच्या शेळ्यांना घातल्या होत्या; दोन शेळ्या गेल्या. तेव्हापासून बागेत असं ठरलं की साध्या मोळीला मधोमध एकच सुतळी बांधायची आणि पुरायच्या मोळीला दोन्ही टोकांना दोन. वाचता येवो न येवो, अंधार असो उजेड असो, हाताला दोन बंद लागले की मोळी जागची हलवायची नाही.

"मग पुरलीस कधी?"

"मी कुठे पुरली? दुसऱ्या दिवशी बघतो तर कोपरा रिकामा. मला वाटलं तुम्ही पुरून टाकली."

नानांना वाटलं होतं की त्याने पुरली. पाच दिवस दोघांनाही तसं वाटत राहिलं होतं.

मग नानांनी आवाज चढवून विचारलं की संध्याकाळचा तबेल्यामागे काय करत होतास. मिस्त्री पंपाकडे बघत बसला. कान लाल झाले. नानांनी पुन्हा विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "कुणाला सांगणार नसाल तर सांगतो."

तो मास्तरला तुती चारत होता. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, गुपचूप. चावल्यावर पहिल्यांदा राग म्हणून गेला होता काठी घेऊन. गाढवाने काठीच खाऊन टाकली. तेव्हापासून सवय लागली. लोकांसमोर शिव्या घातल्यावर आता लोकांसमोर माया कशी दाखवायची? मग त्याने घाईने विषय बदलला. म्हणाला, "तुमच्या खिशात जसं सुतळीचं दुकान, तसं माझ्या खिशात तुतीचं."

बागेत या सुतळीवरून नानांची कायम थट्टा व्हायची. मोळी सोडायची ती त्यांनीच. दुसऱ्या कुणी सुतळी कापली तर वाया जाईल, म्हणून स्वतःच्या चाकूने गाठीजवळ कापायचे आणि तुकडा खिशात टाकायचे, पुन्हा वापरायला.

"या खेपेला तर चैन होती त्याची," मिस्त्री नाक पुसत म्हणाला. "तुतीची अख्खी मोळी उरली होती ना चाचणीतून."

"उरली होती?" नाना म्हणाले. "मोळ्या नऊच बांधल्या होत्यास."

"नऊच. एक उरली. मी म्हटलं तुम्ही आठांत भागवलं."

नानांनी आठांत भागवलं नव्हतं. तिन्ही यंत्रांना त्यांनी तीन-तीन मोळ्या घातल्या होत्या. मोजून नऊ.

४

बाराच्या सुमाराला सेल्समन आला. निवडीच्या कागदावर आज नानांची सही व्हायची होती, म्हणून त्याने टेम्पोत तांबडं आणि लहानगं अशी दोन्ही यंत्रं आणली होती. मॅडमच्या मनात अजून तांबडं होतं, हे त्याने हेरलं होतं. बोलका माणूस. तबेल्यात टाकलेली ताडपत्री आणि तिच्याखालचा उंचवटा बघून मात्र त्याचं बोलणं आटलं.

नानांच्या डोक्यात आता हाच उरला होता. याला मोठं यंत्र खपवायचं आहे. लहानग्याच्या चुऱ्याने जनावर मेलं असं झालं तर लहानगं आपोआप बाद. गोणी उघडी होती. दुसऱ्या दिवशी हा माहितीपत्रकं द्यायला परत आलाही होता.

त्यांनी त्याला चाचणीचा दिवस पुन्हा सांगायला लावला. तांबडं आणि हिरवं यंत्र सेल्समन आणि मिस्त्री यांनी मिळून चालवलं. जेवायच्या सुट्टीपूर्वी ते उरकलं. दोघे जेवायला झाडाखाली गेले. नाना जेवायला थांबले नाहीत. लहानग्यावर एकटेच लागले. "तुम्हाला म्हटलं पण, नाना, आधी दोन घास खा. तुम्ही चष्मा लावलेला, कानात बोळे, नाकावर मास्क. काही ऐकूच गेलं नाही तुम्हाला. लहान मूल खेळण्यापाशी बसतं तसे बसला होतात."

"मोळ्या शेडमधून कुणी आणल्या?"

"मीच. सकाळी, ढकलगाडीवर. नऊ म्हणाला होतात, नऊ आणल्या."

"कुठून कुठून उचलल्यास?"

सेल्समन आठवू लागला. समोर रचलेल्या होत्या त्यांतल्या आठ. आणि एक मागे कोपऱ्यात वेगळी ठेवलेली होती, एकदम सरळसोट काठ्यांची. "सरळ काठी असली ना, नाना, की यंत्र फार देखणं चालतं. म्हटलं, चाचणीत आपलं यंत्र छान दिसू दे."

 या माणसाला दोन बंदांचा कायदा माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो बागेतला नव्हता.

अजून एक फट होती. ती मोळी तांबड्यात किंवा हिरव्यात गेली असेल, तर तो चुरा खड्ड्यात गेला होता, आणि मग खड्ड्यावरून कुणीतरी... नानांनी दोन्ही यंत्रं चालू करायला सांगितली. तुतीची एक काठी मधोमध तोडली. अर्धी तांबड्यात घातली. खणखणाट झाला आणि पांढऱ्या ढलप्यांचा फवारा बाहेर आला. त्यांतली मूठभर त्यांनी उचलली. स्वच्छ, गोल, चपट्या. साल नखाएवढी. हे कुठल्या झाडाचं, ते जन्मभर माळीकाम केलेल्यालाही सांगता आलं नसतं. हिरव्याची बातच नको. त्याने केला असता तो निव्वळ भुगा.

दुसरी अर्धी काठी लहानग्यात घातली. ते सावकाश चावत राहिलं. बाहेर पडले ते बोटभर तुकडे, चेचलेले, एका बाजूला साल लोंबत असलेले. सालीवर पानांचे वण जसेच्या तसे. एका पेराला एक.

नानांनी शर्टाच्या खिशातला तुकडा काढून शेजारी धरला. तोच चावा. तेच लोंबणं. फक्त वण तीन.

"हे यंत्र त्या दिवसानंतर कुठे होतं?"

"टेम्पोत बांधलेलं. त्याच संध्याकाळी घेऊन गेलो, आज परत आणलं."

म्हणजे ही कण्हेर या यंत्रातून गेली ती त्याच दिवशी, त्याच दुपारी. आणि त्या दुपारी यंत्रावर एकच माणूस होता. सकाळी हाताला घाम का सुटला होता, ते आता नानांना कळलं. त्यांच्या बोटांनी तो चावा तेव्हाच ओळखला होता. डोक्याला पोचायला दुपार झाली.

५

तरीही.

तरीही एक गोष्ट उरत होती, आणि नाना तिला धरून हत्यारखोलीपर्यंत चालत गेले. सेल्समनने मोळी ढकलगाडीवर टाकली, वाटेत खडबडीत रस्ता. एक बंद सुटून पडला असेल. तसं असेल तर त्यांच्या हाती आली ती एकच बंद असलेली मोळी, साधी दिसणारी, पानं झोडपलेली. नाकावर मास्क, हातात मोजे, डोळ्यावर धुरकट चष्मा. मग चूक झाली, पण ती कुणाच्याही हातून झाली असती. वहिनीला वाचवता येईल, चाळीस वर्षांनाही फारसा धक्का लागणार नाही.

हत्यारखोलीच्या खुंटीवर त्यांचा जाडा कोट लटकत होता. सेल्समनने लांब बाह्यांशिवाय यंत्राला हात लावू दिला नव्हता, म्हणून चाचणीच्या दिवशी तो चढवला होता. एरवी नाना शर्टावरच काम करत. त्या दिवसानंतर कोटाला हात लागला नव्हता.

नऊ मोळ्या. नऊही त्यांनीच सोडल्या, स्वतःच्या चाकूने. सुतळी दुसऱ्याला कापू दिली नाही. खिशात नऊ तुकडे असले, तर एक बंद वाटेत पडला होता.

खोलीत कुणी नव्हतं. कोट तसाच उचलून कोपऱ्यातल्या शेगडीत घातला असता तरी कुणी विचारलं नसतं. कोट जुनाच होता.

नानांनी खिशात हात घातला आणि सुतळीचा गुंता बाकावर काढला. एकेक तुकडा सरळ करून शेजारी शेजारी ठेवला. सात, आठ, नऊ.

नववा ठेवल्यावर हातात काहीच उरलं नाही. त्यांनी श्वास सोडला. मग सवयीने, धुवायच्या आधी खिसा तपासतात तसं, त्यांनी अस्तर बाहेर ओढलं. कोपऱ्यात, फाटक्या शिवणीत, एक तुकडा अडकलेला होता.

दहा.

आता त्यांना दिसलं, पाच दिवस न दिसलेलं. चाकूने एक बंद कापला, मोळी सुटली नाही, म्हणून चिडून दुसरा कापला. यंत्र चालू होतं आणि त्यांना ते कसं चावतं ते बघायचं होतं. जन्मभर ते लाकूड बघत आले होते. त्या एका दुपारी त्यांनी लोखंड बघितलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजत होते.

६

ऑफिसात वहिनी मॅडमसमोर खुर्चीच्या काठावर बसली होती. टेबलावर कागद तयार होता. वहिनीने पेन हातात धरलं होतं.

नानांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि कागदावर दहा सुतळ्या ठेवल्या. मग उभ्यानेच सगळं सांगितलं. मोळी, कोपरा, दोन बंद, चावा, वण, गोणी. मध्ये कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

मॅडमनी सुतळ्या एकदा मोजल्या. त्यांचा नानांवर जीव होता, आणि दोन महिन्यांनी निरोप समारंभ करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी वाट काढून बघितली. बाहेरच्या माणसाने नको ती मोळी उचलली हे तर खरंच आहे. तेवढं लिहिलं तरी ते खोटं ठरणार नाही.

"पुरतं खरंही ठरणार नाही," नाना म्हणाले. "मोळी त्याने आणली. बंद मी कापले. पण तेही सोडा, मॅडम. ती चूक होती. सकाळी तुम्ही विचारलंत चुरा कुणी आणला, तेव्हा वहिनी बोलल्या आणि मी गप्प बसलो. ती चूक नव्हती."

वहिनीने मान खाली घातली. बारा वर्षांत नानांनी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आजही तिने तोंड फिरवलं.

मॅडमनी तयार कागद फाडला. दुसरा कागद घेतला आणि नानांचं सांगणं जसंच्या तसं लिहून काढलं. त्याचा शेवट काय होणार, ते दोघांनाही माहीत होतं. तो नियम नानांसाठी वेगळा करता येणार नव्हता. उद्यापासून त्यांनी कामावर यायचं नव्हतं. वहिनीचं काम आणि खोली राहणार होती.

नाना सही करून उठले, तेव्हा मॅडमनी त्यांना थांबवलं. यंत्राचा कागद अजून तसाच पडला होता. तुमची निवड मी आजही मानणार आहे, त्या म्हणाल्या, पण आता ते लहानगं घ्या असं तर तुम्ही सांगणार नाही.

"तेच घ्या," नाना म्हणाले.

"इतकं होऊन?"

"तांबडं जास्त काम करेल. पण त्यात काय घातलं, ते नंतर कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी मी तांबड्यावर असतो, तर आज मला वण दिसले नसते. वहिनी घराबाहेर असत्या आणि मी निरोपाचं भाषण ऐकत असतो." त्यांनी कागदावर लहानग्याचं नाव लिहिलं. "हे यंत्र केलेलं लपवत नाही."

सुतळ्या गोळा करायला त्यांनी सवयीने हात पुढे केला. मग मागे घेतला.

७

पंधरा दिवसांनी नाना हत्यारखोलीची किल्ली द्यायला बागेत आले. जवळ राहून गेलेल्या या एका किल्लीचं निमित्त होतं; बाकीच्या किल्ल्या त्यांनी सही केली त्याच दिवशी दिल्या होत्या.

तबेला धुऊन रिकामा केलेला होता. पुढच्या अंगणात लहानगं यंत्र ठेवलेलं. मिस्त्री वायर सोडवत होता. नानांना बघून त्याने नुसताच हात वर केला आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं. यंत्रापाशी वहिनी होती. चष्मा कपाळावर, मास्क गळ्यात. शेजारी एक बंद असलेल्या मोळ्या रचलेल्या. ती एकेक काठी उचलायची, नाकाशी न्यायची, पेरावरून अंगठा फिरवायची आणि मगच बाजूला ठेवायची. सगळी मोळी अशी बघून झाली की मास्क वर, चष्मा खाली, आणि मग यंत्र सुरू. काम फार हळू चाललं होतं. तिला कुणी घाई करत नव्हतं.

ऑफिसातल्या त्या संध्याकाळनंतर ती नानांशी बोलली नव्हती. रागावली होती असं नाही. बोलायला जावं तर मध्ये मास्तर येत असावा. नानांचंही तसंच होत होतं. रात्री जेवताना, चपला घालताना, कुठेही तो गंभीर चेहऱ्याने येऊन उभा राहायचा आणि नुसता बघायचा.

नानांनी किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. वळणार तेवढ्यात वहिनीने मोळीतली एक काठी काढून त्यांच्यापुढे धरली. 

नानांनी काठी घेतली. वास घेतला. पेरावरून अंगठा फिरवला. एक वण. पुढच्या पेराला एक. त्याच्या पुढच्याला एक.

"तुती," ते म्हणाले.

वहिनीने काठी घेतली, बाकीच्यांत ठेवली आणि मास्क वर ओढला. यंत्र सावकाश चावू लागलं.

नाना फाटकाकडे निघाले. आणखी एकदा वास घ्यायला हवा होता, असं त्यांना फाटकापर्यंत वाटत राहिलं.